तेविसावा चेहरा

कमलाकांत चुरीला वेळदांड्याच्या गाडीवर कंडक्टर म्हणून चोवीस वर्षं झाली होती, आणि त्याला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट त्याच्याकडं होती. त्याला चेहरे लक्षात राहत. बोईसर स्टेशनाबाहेरून गाडी सुटली की कुंभवलीचा नाका येईपर्यंत तो तिकिटाचं मशीन घेऊन मागच्या बाकापर्यंत जाऊन येई, आणि तेवढ्यात निम्म्या लोकांना कुठं जायचं हे त्याला विचारावं लागत नसे. मासळीच्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बाया सुटे पैसे नुसते पुढं करत. नवी सून पहिल्यांदा गाडीत चढली की तो तिला "कुणाकडची?" म्हणून विचारी, आणि पुढच्या खेपेपासून ती त्याच्या डोक्यात पक्की बसे. एकदा सात वर्षं गुजरातेत राहून आलेल्या बाईला त्यानं चढता चढता नावानं हाक मारली होती. त्या दिवशी सगळ्या गाडीला त्याचं कौतुक वाटलं. ड्रायव्हर शिवाजी तर नव्या लोकांशी त्याच्या नावावर चहाची पैज लावायचा आणि जिंकायचा.

वेळदांडा म्हणजे या रस्त्याचं शेवटचं गाव, मच्छीमारांचं. गावाजवळच्या समुद्रात कारखान्यांचं सांडपाणी सोडायला नवा नळ टाकायचं ठरलं, आणि गाव बिथरलं. खाडीत आधीच काही सापडत नव्हतं. गावाच्या अलीकडं छोटा पूल आहे, तिथं बायांनी मांडव घातला आणि त्या बसून राहिल्या. बसणाऱ्यांत पुढं होती रत्नाबाई पागधरे. साठीची, बुटकी, आवाजानं खणखणीत. तिचा मुलगा रूपेश बोटीवर जाई आणि दुपारी मांडवात येऊन आईशेजारी बसे. गाड्या अडवायच्या नाहीत असं बायांनी ठरवलेलं होतं. कमलाकांतची गाडी आली की त्या स्वतः उठून वाट करून देत. कुणी खिडकीतून त्याला चहाचा पेला देई, कुणी कागदात बांधलेले सुके बोंबील.

पहिल्या आठवड्यातच मांडवावर ड्रोन घिरट्या घालू लागला. बायांनी तो लग्नात पाहिलेला होता. "आमचं पन शूटिंग चाललंय, केस नीट करा गं," असं रत्नाबाई म्हणाली आणि बाया हसल्या. साध्या कपड्यातले दोघं-तिघं रोज समोरच्या टपरीवर मोबाइल उभा धरून बसत. तेही हळूहळू सवयीचे झाले.

अठराव्या दिवशी यंत्रं आली, आणि त्यांच्यासोबत बाहेरगावाहून आणलेला मोठा बंदोबस्त. कमलाकांतची गाडी मिठागरांपाशीच थांबवली गेली. पुलावरचं तिथून धड दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. आधी घोषणा, मग शिट्ट्या, मग एकदम कालवा. माणसं मिठागरांच्या बांधांवरून पळत येताना दिसली. एक बाई बांधावरून घसरून गुडघाभर चिखलात गेली आणि तशीच उठून पळाली. दोन तासांनी गाडीला वाट मिळाली, तेव्हा पुलावर चपलाच चपला पडल्या होत्या. शिवाजीनं गाडी अगदी हळू घेतली. चाकाखाली चपला येत होत्या त्याला इलाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमलाकांतला निरोप आला. विश्रामगृहावर पोलिसांचे साहेब आहेत, त्यांना या रस्त्याची जरा माहिती पाहिजे, अर्ध्या तासाचं काम आहे. तो खाकी गणवेशातच गेला.

साहेब चाळिशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी उठून खुर्ची पुढं सरकवली. चहा आला, खारी बिस्किटं आली. बाजूला एक शिपाई वही घेऊन बसला होता.

"चुरी, तुमच्याबद्दल ऐकलंय बरं का. म्हणे चेहरा पाहिला की तिकीट फाडता."

"तसं काही नाही, साहेब," कमलाकांत म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलंच.

"बघू तरी." साहेबांनी लॅपटॉप त्याच्याकडं वळवला.

वरून घेतलेलं चित्र होतं, पण इतकं स्वच्छ की बायांच्या केसांतला गजरा दिसावा. साहेब चित्र थांबवत, एक चेहरा मोठा करत आणि त्याच्याकडं पाहत. नाव विचारायचीसुद्धा वेळ आली नाही.

"ही रत्नाबाई. वेळदांडा, शेवटच्या स्टॉपच्या आधी देवळापाशी उतरते. हा तिचा मुलगा, रूपेश. ही बायडी, टोपली घेऊन असते, पूल ओलांडला की उतरते, चिंचेच्या बाजूची गल्ली..."

शिपाई भराभर लिहीत होता. सात झाले, दहा झाले. कमलाकांत आता खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. कुणाचा अर्धा चेहरा, कुणी पाठमोरी, कुणाच्या तोंडावर पदर, तरी तो ओळखत होता. एकीला त्यानं केवळ उभं राहण्यावरून ओळखलं, तेव्हा शिपायानं लिहिता लिहिता मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. असं कुणी कमलाकांतकडं कधी पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षांत कुठल्या साहेबानं त्याला 'बसा' म्हटलं नव्हतं.

मध्येच एकदा साहेबांचं बोट बटणावर जरा जास्त वेळ राहिलं आणि थांबलेलं चित्र चालू झालं. आवाज बंद होता. रत्नाबाईनं डोक्यावर हात धरलेला होता. काठी त्या हातावर पडली. ती खाली बसली, आणि बसलेलीवर आणखी एक पडली. साहेबांनी चित्र थांबवून पुढं ढकललं आणि म्हणाले, "हं, पुढचा."

कमलाकांतनं चहाचा कप उचलला. चहा संपलेला होता. त्यानं कप परत ठेवला आणि पुढचं नाव सांगितलं, आधीच्यापेक्षा जरा घाईनं.

बावीस झाले. तेविसावा चेहरा कडेला, झाडाच्या सावलीत होता. निळ्या चौकड्यांचा टॉवेल डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला, दिसत होता तो एक कान आणि थोडंसं कपाळ. कमलाकांतनं मान पुढं केली, मागं घेतली. त्याला काही सुचेना.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "यात काही दिसत नाही. बावीस म्हणजे खूप झाले."

"थांबा, साहेब."

त्यानं पुन्हा पाहिलं. शिपायानं पेन उचलून धरलं होतं. असा टॉवेल, अशाच तऱ्हेनं गुंडाळून, आंबेपाड्याचा एक वारली मजूर रोज सकाळी कुंभवलीपर्यंत यायचा.

"मंगळ्या," कमलाकांत म्हणाला. "आंबेपाडा. कुंभवलीला कारखान्यात जातो, ठेकेदाराकडं."

"पक्कं?"

"चोवीस वर्षं झाली, साहेब."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पडला तेव्हा कमलाकांत उन्हातसुद्धा तरतरीत चालत होता.

घर बेटेगावला. बायको चंद्रकांता ओट्यावर वाल सोलत बसली होती. त्यानं पाय धुता धुता तिला सगळं सांगितलं, अगदी शिपायानं मान वर केली तेही. ती आधी ऐकत होती, मग तिचा हात थांबला.

"उतरायची ठिकाणंपन सांगितलीत?"

"मग? नुसत्या नावानं काय समजतंय त्यांना?"

"अहो, म्हणजे घरंच दाखवलीत की."

"त्यांना सगळं ठाऊक असतं गं. वरून कॅमेरा फिरतोय. मी नसतं सांगितलं तरी..."

"ठाऊक होतं तर तुमाला कशाला बोलावलं?"

तो म्हणाला, "तुला कळत नाही त्यातलं." चंद्रकांतानं वालाचं पातेलं उचललं आणि ती आत गेली. जेवताना त्याला प्रथमच असं वाटलं की आपण तिच्याकडं पाहणं टाळतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बोटी किनाऱ्याला लागत असताना, पोलीस वेळदांड्यात आले. कुणालाही पत्ता विचारावा लागला नाही. देवळापाशी थांबले, चिंचेच्या गल्लीत वळले. रूपेशला मासळी उतरवतानाच धरलं. जाळ्यात पाय अडकून पडला तर तसंच ओढत नेलं. रत्नाबाईचा हात आधीच गळ्यात बांधलेला होता, तिला महिला शिपायांनी गाडीत बसवलं. बायडीच्या सासऱ्याला ढकललं तेव्हा त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. कमलाकांतला हे कुणी मुद्दाम सांगितलं नाही. साडेसातच्या गाडीत हेच चाललं होतं.

"दारावर सरळ आले, बाय. आमच्या आळीत नवखा मानूस दिवसापन चुकतो."

"कुनीतरी आतलाच हाय."

"तो दर्पण. पुलाजवळच्या नाक्यावरचा मोबाइलवाला. त्याच्या दुकानाला कॅमेरा हाय, पुलाकडं तोंड करून."

"त्याचंच काम. नायतर येवढं घर न् घर कुनाला म्हाईत?"

बोलणारी बाई कमलाकांतकडं वळून म्हणाली, "तुमीच सांगा, कमळाभाऊ. हाय का नाय?"

त्यानं मशीनमधलं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. "मागं सरका जरा," एवढंच तो म्हणाला. दोन दिवसांत दर्पणच्या दुकानात कुणी पाय टाकीनासं झालं. पोरांनी त्याचा कॅमेरा दगडानं फोडला. कमलाकांतनं फुटलेला कॅमेरा रोज जाता-येता पाहिला आणि रोज तो गप्प बसला.

चौथ्या दिवशी आंबेपाड्याला लाडकी गाडीत चढली. मंगळ्याची बायको. ती या गाडीनं फारशी कधी येत नसे. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागद आणि एक शर्ट. कमलाकांतनं तिच्यासमोर मशीन धरलं आणि त्याला बटण दाबता येईना.

"बोईसर," ती म्हणाली. "मंग म्होरं पालघरला कसं जायाचं, दादा? कोरटात?"

"का? काय झालं?"

"नवऱ्याला नेलाय. पुलावर दगड मारला म्हनतात. तो तिथं नव्हता, दादा. त्या दिशी कामावर व्हता, डबल पाळी. मी डबा बांधून दिला व्हता." तिनं पिशवी छातीशी धरली. "ठेकेदार लिवून देत नाय. त्याच्या वहीत मंगळ्याचं नावच नाय म्हनतो, रोजावर बोलावतो त्यांचं लिवत नाय. पोलिसांनी त्याला तळव्यावर मारलाय. उभा ऱ्हाता येत नाय त्याला."

कमलाकांतनं तिच्याकडून पैसे घ्यायला हात पुढं केलाच नाही. ती गोंधळली. "तिकीट द्या ना, दादा," म्हणाली. फुकट बसवलं तर पुढं तपासणीसानं उतरवलं तर काय, ही तिची भीती. शेवटी त्यानं पैसे घेऊन तिकीट फाडून दिलं आणि तिला कोर्टाची वाट सांगितली, एकदा, दोनदा. ती मन लावून ऐकत होती. उतरताना "देव तुमचं भलं करो" म्हणाली. गाडी पुढं स्टँडवर न्यायची होती, पण तो घंटीची दोरी ओढायची विसरला. शिवाजीनं आरशात पाहून हॉर्न वाजवला तेव्हा त्याला भान आलं.

त्याच संध्याकाळी तो विश्रामगृहावर गेला. साहेब गाडीत बसत होते. त्यांनी त्याला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

"साहेब, मी चुरी, कंडक्टर. त्या दिवशीचा तो शेवटचा... तो मंगळ्या नव्हता. माझी चूक झाली. मला नीट दिसलंच नव्हतं."

"कुठला मंगळ्या?"

"निळा टॉवेल, साहेब. तुम्ही तर राहू द्या म्हणाला होतात."

साहेबांनी गाडीचं दार धरून त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "चुरी, तुमचा जबाब घेतलाय का आम्ही? तुम्ही कुठं सही केलीत? तुमचं नाव आमच्या एकाही कागदावर नाही. तेव्हा घरी जा. त्यात तुमचंच भलं आहे."

गाडी निघून गेली. कमलाकांत स्टँडकडं चालू लागला, आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं की त्याला हलकं वाटतंय. आपलं नाव कुठंच नाही. कुणाला कधी कळणार नाही. पेट्रोल पंपापर्यंत हे हलकेपण टिकलं. मग त्याला लाडकीचा आशीर्वाद आठवला आणि आपण मघाशी सुखावलो होतो याचीच त्याला इतकी लाज वाटली की तो रस्त्याच्या कडेला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. येणारे-जाणारे समजले, माणूस लघवीला उभा आहे.

घरी जाऊन त्यानं चंद्रकांताला सांगितलं. सगळं, तेविसाव्यासकट.

"दिसलं नव्हतं तर नाय म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"जमलं नाही."

"का?"

"बावीस ओळखले होते," तो म्हणाला, आणि हे तोंडानं उच्चारताना ते किती क्षुल्लक आहे ते त्याला ऐकू आलं.

वेळदांड्याच्या लोकांचं काम पालघरला स्वाती नावाची एक तरुण वकीलबाई बघत होती. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बाकड्यावर बसून ती जामिनाचे अर्ज तयार करी. कमलाकांत रजा टाकून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळ्याचं नाव मी सांगितलं. खोटं सांगितलं."

तिनं पेन खाली ठेवलं. त्यानं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "बाकीचे बावीस?"

"तेही मीच."

"त्यांच्यासाठी काय लिहून देणार?"

"ते बरोबर होते, मॅडम. ते तिथं होते."

"तिथं होते. बसले होते. म्हणून काय झालं?" ती आवाज न चढवता म्हणाली. "बसणाऱ्या बायांची घरं दाखवायला तुम्हाला कुणी मारलं होतं का?"

"नाही."

"धमकी दिली?"

"नाही. चहा दिला."

स्वातीनं कपाळ चोळलं. मग कागद पुढं ओढला. "मंगळ्याचं होऊ शकतं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. पण हे कोर्टात वाचलं जाईल, मागं सगळे बसलेले असतील. तुम्ही रोज त्याच गाडीवर आहात. विचार करून सांगा."

"लिहा," तो म्हणाला.

तिनं लिहिलं. चित्रात चेहरा स्पष्ट दिसत नव्हता, नाव केवळ अंदाजानं सांगितलं. कमलाकांत म्हणाला, त्यात आणखी एक घाला. ओळखता येत नाही असं म्हणायला मला कमीपणा वाटला, म्हणून सांगितलं. स्वाती म्हणाली, कायद्याला याची गरज नाही. तो म्हणाला, असू द्या. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तेही वाक्य घातलं.

तारखेच्या दिवशी कोर्टाची खोली भरलेली होती. बायांना तोवर जामीन मिळाला होता, रूपेश आणि इतर पुरुष अजून आतच होते. रत्नाबाई मागच्या बाकावर बसली होती, हाताला कोपरापासून पंजापर्यंत प्लॅस्टर. मंगळ्याला दोघं शिपाई धरून घेऊन आले. तो टाचा टेकत नव्हता. स्वातीनं कागद वाचायला सुरुवात केली. "मी, कमलाकांत चुरी, व्यवसाय कंडक्टर..." मागं आधी कुजबुज झाली, मग एकदम काहीच आवाज येईना. कमलाकांतनं ठरवलेलं होतं, मान खाली घालायची आणि वर करायची नाही. पण 'कमीपणा वाटला' हे शब्द आले तेव्हा त्याची मान आपोआप वळली. रत्नाबाई त्याच्याकडंच पाहत होती. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याला निरखत होती, गाडीत चढलेल्या अनोळखी माणसाकडं पाहावं तशी.

मंगळ्याला त्याच आठवड्यात जामीन मिळाला. रूपेशला आणि बाकीच्यांना आणखी महिना लागला. खटला काही मिटला नाही. तारखा पडत राहिल्या. नळाचं कामही थांबलं नाही.

गाडीत त्याला कुणी शिवी दिली नाही. पहिल्या दिवशी तो तयारीनं गेला होता, थुंकतील, मशीन हिसकावतील, काहीही. तसलं काहीच झालं नाही. बाया चढल्या, बसल्या. त्यानं पहिलीसमोर मशीन धरलं तेव्हा ती स्पष्ट, मोठ्यानं म्हणाली, "वेळदांडा. देऊळ." दुसरी म्हणाली, "वेळदांडा. शेवटचा स्टॉप." जिला तो वीस वर्षं ओळखत होता तीसुद्धा, गावात नव्यानं आल्यासारखी, ठिकाण सांगून पैसे देत होती. कमळाभाऊ कुणी म्हणेना. कंडक्टर, एवढंच. एका दुपारी रत्नाबाई जावेबरोबर चढली. टोपली पायरीवर अडकली म्हणून तो उचलायला वाकला.

"राहू दे," रत्नाबाई म्हणाली. "आमचं मानूस हाय उचलायला."

तो बाजूला झाला. शिवाजीनं डेपोत त्याला सांगितलं, "दुसऱ्या रस्त्यावर बदली माग. सफाळ्याकडं माग. तिथं कोण ओळखतंय तुला?" कमलाकांतनं अर्ज लिहिलासुद्धा. मग चंद्रकांताला दाखवला. तिनं वाचून परत दिला. त्यानं तो डेपोत दिलाच नाही. दर्पणच्या दुकानात मात्र तो एकदा जाऊन आला. "तुझ्यावर आळ आला तेव्हा मला ठाऊक होतं," असं त्यानं सांगितलं. दर्पण चार्जर विकत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "आता कळलंय सगळ्यांना. जा तुम्ही." आणि काउंटर पुसू लागला.

मंगळ्या गाडीला येतच नव्हता. शेवटी सुट्टीच्या दिवशी कमलाकांत आंबेपाड्यावर गेला. मंगळ्या पडवीत पाय लांब करून बसला होता, तळव्यांना कसलासा लेप लावलेला. लाडकी अंगणात भात पाखडत होती. तिनं त्याला पाहिलं, सूप तसंच धरून उभी राहिली, मग पुन्हा पाखडू लागली.

"वकीलबाय बोलली मला," मंगळ्या आधीच म्हणाला. "बस."

कमलाकांत पडवीच्या कडेला बसला. त्यानं वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मंगळ्यानं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "माझा चेहरा दिसत व्हता का त्याच्यात?"

"नाही."

"मंग?"

"टॉवेल होता. निळा. चौकडीचा."

मंगळ्या जरा विचारात पडला. "तो तर बोईसरच्या बाजारात ढिगानं भेटतो," तो म्हणाला. "मी त्या दिशी गुंडाळलापन नव्हता. कामावर गमबूट न् टोपी देतात."

सुपाचा आवाज तेवढा येत राहिला. कोंबडी पायरीपर्यंत आली आणि परत गेली.

"मला मारत व्हते ना," मंगळ्या म्हणाला, "तवा इचारत व्हते, दुसरी नावं सांग. मला कुनाचंच नाव ठावं नव्हतं. वेळदांड्याचं मी कुनाला वळखतच नाय. ठावं असतं तर मी सांगितलं असतं का, हा इचार येतो मला. रोज येतो." तो आपल्या पायांकडं पाहत होता. "सांगितलं असतं बहुतेक. लय दुखत व्हतं." मग त्यानं मान वर केली. "तुला तर च्या दिला म्हनं."

"हो."

मंगळ्यानं मान हलवली, एखादी गोष्ट नीट कळली म्हणजे हलवावी तशी. त्यात टोमणा नव्हता. कमलाकांतला उठून पळावंसं वाटलं. तो बसून राहिला.

"ठेकेदार कामावर घेत नाय," लाडकी तिकडूनच म्हणाली. "पोलीस केसचा मानूस नको म्हनतो. येशील का सांगाया?"

आधी ती त्याला अहो-जाहो करायची. त्याला ते जाणवलं आणि ते बरोबरही वाटलं.

"येतो. उद्या?"

"उद्या," मंगळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी दोघं कुंभवलीच्या त्या कारखान्याच्या फाटकाशी गेले. मंगळ्या हळू चालत होता. ठेकेदार मोटरसायकलवर बसून हजेरी घेत होता, भोवती पाळीची माणसं, बहुतेक उत्तरेकडची. कमलाकांतनं हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"ज़ोर से बोलो," ठेकेदार म्हणाला. "क्या किया इसने?"

कमलाकांतनं घसा साफ केला. डबे हातात घेतलेली वीस-पंचवीस माणसं त्याच्याकडं पाहत होती.

"इसने कुछ नहीं किया," तो मोठ्यानं म्हणाला. "मैंने पुलिस को इसका नाम बताया। गलत बताया। यह वहाँ था ही नहीं।"

"क्यों बताया?"

तो तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "अपनी होशियारी दिखाने के लिए."

कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणी त्याला गप्प केलं. ठेकेदारानं मंगळ्याच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाला, "अभी तो जगह नहीं है. अगले महीने देखते हैं," आणि पुढचं नाव पुकारलं.

माणसं आत गेली. फाटक लागलं. कमलाकांत म्हणाला, "मी पुन्हा येईन. पुढच्या महिन्यात." मंगळ्या वळला आणि स्टॉपच्या दिशेनं निघाला, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल बघून टाकत. कमलाकांत त्याच्या मागून चालू लागला, चार-पाच पावलांचं अंतर ठेवून. मंगळ्या त्याला बरोबर ये म्हणाला नाही, आणि मागं राहा असंही म्हणाला नाही.